दुसरी संमती तुगिमानची

पाकेम, १४ सप्टेंबर

प्रिय सेकार,

हे पत्र हातानं लिहितोय म्हणून तुझी आई दोन दिवस मला चिडवतेय. "लेक कॉम्प्युटरच्या कंपनीत, बाप दुकानात बसून कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणारा, आणि पत्र निघालंय टपालानं! सिंगापूरला पोचेपर्यंत पोरगी निवृत्त होईल." हसू दे तिला. फोनवर बोललेलं कुणीतरी ऐकतं आणि मेलमध्ये लिहिलेलं कुणीतरी वाचतं, हे माझं मत तुला तोंडपाठ आहे, त्याची उजळणी करत नाही. पण या वेळी कारण निराळं आहे. गेल्या महिन्यात मी दोनदा तुला फोन लावला, घसा साफ केला, आणि "जेवलीस का?" एवढंच विचारून ठेवून दिला. कागदावर तशी पळवाट काढता येत नाही. पाकिटाला डिंक लावून वरून चिकटपट्टीही मारणार आहे. पट्टी उचकटलेली दिसली तर मला कळव.

तुला ठाऊक असलेल्या काही गोष्टी मी नव्यानं सांगणार आहे. हे पत्र तुझ्याशिवाय आणखी कुणी वाचलं तर त्यालाही समजावं म्हणून. कोण वाचेल ते शेवटी लिहितो.

आपल्या ओसरीत टांगलेला पोकळ लाकडाचा केंतोंगान तू लहानपणी विनाकारण बडवायचीस आणि सगळी गल्ली अनवाणी बाहेर पळत यायची. संकट आलं तरच तो ठोकायचा, हे तुला कळायला तीन धपाटे लागले. पुढे आम्ही जो प्रोग्रॅम लिहिला त्यालाही तेच नाव दिलं. मेरापी ज्वालामुखीच्या माथ्यावर पाऊस कोसळला की खाली कडक ऊन असतानाही बोयोंग नदी राख, वाळू आणि घराएवढे दगड घेऊन येते, आणि नेमके त्याच वेळी पात्रात वाळूवाल्यांचे पंधरा-वीस ट्रक उभे असतात. वर पात्रात पुरलेली यंत्रं जमिनीचा हादरा मोजतात, आकडा रेडिओवरून माझ्या दुकानात येतो, आणि भोंगा वाजवायचा की नाही ते आपला केंतोंगान ठरवतो. हा प्रोग्रॅम कुणाच्या मालकीचा नाही. कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा. फिलिपिन्समध्ये आल्बायला ज्वालामुखीखालचं एक गाव तो वापरतं, ग्वातेमालात आणखी एक. एवढ्या मोकळ्या गोष्टीला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तुझ्या कंपनीनं कुलूप घातलं. आणि नोव्हेंबरात आपल्याकडे पाऊस सुरू होतो.

'तुझी कंपनी' असं मी मुद्दाम म्हणतो, तुला टोचावं म्हणून. आठ वर्षांपूर्वी ती तुझी नव्हती. तू तेव्हा योग्याकार्ताला कॉलेजात होतीस आणि सगळा कोड माझ्या दुकानाच्या फळीवर, दुरुस्तीला आलेल्या पंख्यांच्या आणि रेडिओंच्या मधे, एका जुन्या यंत्रात असायचा. मग वीज पडली आणि ते यंत्र, दोन पंखे आणि गावातल्या बू हार्टिनीचा टीव्ही एका झटक्यात गेले. चार महिन्यांचं काम गेलं. बू हार्टिनी अजून टीव्हीचंच बोलते. तू सुट्टीत घरी आलीस आणि म्हणालीस, "बापाक, जगभरचे लोक आपला कोड एका जागी ठेवतात. फुकट आहे. तिथे चर्चा करता येते, चुका नोंदवता येतात, बदल करण्याआधी दुसऱ्याची संमती घेता येते. तुमच्या फळीपेक्षा तरी बरं." मी विचारलं, फुकट का? तू म्हणालीस, पाच मित्रांची छोटी कंपनी आहे, भली माणसं आहेत. मी म्हटलं, भली माणसं विकली जातात. तेव्हा माझा मित्र तुगिमान तिथेच स्टुलावर बसून सिगारेट ओढत होता. तो म्हणाला, "वागिरान, तू स्वतःच्या सावलीकडूनसुद्धा ओळखपत्र मागशील." तुम्ही दोघं हसलात आणि मी हरलो. दोन वर्षांनी त्या पाच भल्या माणसांनी कंपनी एका मोठ्या कंपनीला विकली. त्या दिवशी मी तुला फोन केला आणि नुसता हसलो. तू चिडून फोन आपटलास. पुढे दोन वर्षांनी तू त्याच मोठ्या कंपनीत नोकरीला लागलीस, ते मी अजून इथे कुणाला नीट समजावून सांगू शकलेलो नाही.

माझा संशय तेव्हाही साधा होता आणि आजही साधाच आहे. घर आपण बांधायचं आणि फाटकाची किल्ली दुसऱ्याकडे ठेवायची. तो आज चांगला आहे, कबूल. उद्या त्याच्या जागी कोण बसेल ते ठरवताना आपल्याला कुणी विचारणार आहे का? तुझं उत्तर ठरलेलं असायचं. कोड तर प्रत्येकाच्या यंत्रात पूर्णच्या पूर्ण उतरतो, कंपनी बुडाली तरी काय बुडेल? ते खरं होतं. मी दर शुक्रवारी मशिदीत जाण्याआधी कोडची प्रत काढून ईदच्या बिस्किटांच्या लाल डब्यात ठेवायचो. त्या डब्यात कुणाच्याच घरी बिस्किटं नसतात, तुझ्या आईचे भाताचे पापड होते, ते मी बाहेर काढले आणि त्यावरून आठवडाभर अबोला झाला. तीन डिस्का, तिन्ही वेगवेगळ्या बनावटीच्या, कारण एका बनावटीच्या तिन्ही एकदम मरतील अशी मला शंका. एवढं सगळं केलं, आणि खरी मोलाची गोष्ट त्या डब्यात कधी नव्हतीच.

ती गोष्ट म्हणजे तुगिमानचं बोलणं. तुझ्या लिक तुगीला, म्हणजे तुगीकाकाला, कोडची एक ओळ लिहिता यायची नाही. तीस वर्षं बोयोंगच्या पात्रात वाळू उपसलेला माणूस तो. पण तू नियम घातला होतास की दोघांनी पाहिल्याशिवाय प्रोग्रॅममध्ये एकही बदल जाणार नाही, आणि दुसरा म्हणून मी त्याचंच नाव सांगितलं. तू म्हणालीस, "काकांना त्यातलं काय कळणार?" त्याला आकडे कळायचे. मी लिहायचो, तिसऱ्या यंत्राचा आकडा चाळीसच्या वर गेला की भोंगा. तो फोनवर, एका बोटानं, पूर्णविराम न देता, आपल्या बोलीत खाली लिहायचा, चाळीस नको पस्तीस कर वळणावरचा मोठा दगड मागच्या पावसात सरकलाय पाणी आता लवकर येतं आणि आज बायकोनं सोयाबीनचं टेंपे जाळलं. मग संमतीचं बटण दाबायचा. साडेपाच वर्षांत अशी चारशेच्या आसपास टिपणं. कोडमध्ये नुसता पस्तीस दिसतो. पस्तीस का, ते टिपणात. आणि टिपणं कोडबरोबर माझ्या डिस्कवर उतरत नाहीत, ती कंपनीच्या फाटकाआत राहतात, हे मला कुलूप लागल्यावर कळलं. यंदा एप्रिलात ज्वालामुखीच्या तोंडावरचा लाव्ह्याचा घुमट एका बाजूनं ढासळला, नदीनं वाट बदलली, निम्मे आकडे बदलायला हवेत. कोणते, ते तुगिमाननं डोळे मिटून सांगितलं असतं. पण तो अडीच वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेला, दवाखान्याच्या वाटेवर, माझ्याच मोटरसायकलवर, माझ्या पाठीला टेकून.

गेल्या वर्षी तुझ्या कंपनीनं कोड सुचवणारं ते यंत्र आणलं. मी कुतूहलानं उघडलं आणि एक ओळ लिहायला घेतली. अर्ध्या शब्दावर असताना यंत्रानं पुढचं स्वतःच लिहून दाखवलं, नदी_शुद्धीवर_नाही. हे नाव तुगिमाननं सुचवलेलं. जगात दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणार नाही. तुला विचारलं तर म्हणालीस, "बापाक, कोड सगळ्यांना वाचायला खुला आहे असं तुम्हीच म्हणता ना?" हो, म्हणतो. कुणीही वाचावं असं म्हणालो होतो. पाठ करून दुसऱ्यांना विकावं असं म्हणालो नव्हतो. त्यावर तू विषय बदललास. मी मनातल्या मनात तुझ्या कंपनीच्या नावापुढे आणखी एक फुली मारली.

आता कुलपाकडे येतो. तुगिमानचं खातं उघडताना फॉर्मवर दोन रकाने होते, नाव आणि आडनाव. दुसरा रिकामा ठेवला की लाल अक्षरं यायची. आपल्याकडे आडनाव नसतं, तुगिमान म्हणजे नुसता तुगिमान. बँकेत आणि विमानाच्या तिकिटावर आपण सगळे करतो तेच मी तिथेही केलं. तुगिमान तुगिमान. माझंही तसंच, वागिरान वागिरान. तुला दोन नावं मिळाली ती तुझ्या आईमुळे, "माझी मुलगी फॉर्मवर तोतरी दिसायला नको" म्हणून. तर जुलैच्या शेवटी मेल आला की तुगिमान तुगिमान हा माणूस खरा वाटत नाही, सात दिवसांत ओळखपत्र पाठवा आणि ते हातात धरलेला चेहऱ्याचा फोटो पाठवा. माझं डोकंच फिरलं.

संध्याकाळी पाच वाजता रेडिओवर हजेरी झाली तेव्हा मी तो मेल सगळ्यांना वाचून दाखवला. ही हजेरी तुला माहीत आहे, एकेका गावाचा माणूस आपला क्रमांक आला की "ऐकतोय" म्हणतो. तुगिमानचा क्रमांक सात. तो अजून पुकारला जातो. कुणी उत्तर देत नाही, श्वासभर थांबतात आणि मग आठ. हजाराव्या दिवसाचं जेवण होऊन थडग्यावर दगड बसेपर्यंत माणूस पुरता गेला असं आपण धरत नाही, आणि त्याचा हजारावा दिवस येत्या डिसेंबरात आहे. मेल ऐकून सगळे उसळले. बू हार्टिनी रेडिओवर म्हणाली, "म्हणजे माझा नवरा, सासरा आणि दीर तिघंही खोटे? पंचवीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी सुटले असते." मीही हात धुऊन घेतले. म्हटलं, बघा, मी आठ वर्षं काय सांगत होतो? एका नावानं जन्मून एका नावानं मरणारी माणसं यांच्या लेखी माणसंच नाहीत. मोठमोठ्यानं बोललो. जितकं मोठ्यानं बोललो तितकं मला बरं वाटत होतं.

तू म्हणालीस, "बापाक, हे यंत्रानं ठरवलंय. मी माणसापर्यंत पोचवते." तू पोचवलंस, आणि माणसानं पाहिल्यावर प्रकरण नावापुरतं राहिलं नाही. केंतोंगानच्या पहिल्याच पानावर मी लिहिलेली श्रद्धांजली आहे. तुगिमान, बोयोंगचा जाणकार, आपल्याला सोडून गेला, आणि पुढे ठळक अक्षरांत तारीख. त्याच प्रोग्रॅमच्या आत, त्या तारखेनंतरच्या दोन वर्षांत, त्याच तुगिमानच्या नावानं चौदा बदलांना दिलेली संमती. तुझ्या कंपनीतल्या माणसानं दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं आणि सगळ्या प्रोग्रॅमलाच कुलूप घातलं. मेलेल्या माणसाचं खातं कुणीतरी बळकावलंय, गावांचे भोंगे ज्यावर चालतात त्या कोडमध्ये कोण काय घुसवतंय ते कळेपर्यंत काही हलणार नाही, असं त्यांनी कळवलं. त्या दिवशी तू मला विचारलंस, "खरं सांगा, हे कुणी केलं?" मी म्हटलं, मला काय माहीत? कुणीतरी बाहेरचा घुसला असेल. नाहीतर तुमच्याच लोकांपैकी कुणी, तुम्हाला तर सगळ्या किल्ल्या ठाऊक असतात. तू म्हणालीस, "तुम्ही म्हणता ना, मग तसंच असणार."

ऑगस्ट गेला. मी रोज फाटक उघडलंय का पाहायचो. रोज तीच पाटी. आकडे अंदाजानं बदलावेत तर खोटा भोंगा तीनदा वाजला की चौथ्यांदा पात्रातून कुणी हलत नाही, आणि उशिरा वाजला तर वाजून उपयोग नाही. मग महिन्याच्या शेवटी आल्बायच्या नेस्टरचा मेल आला. तो शाळेत गणित शिकवतो आणि त्यांच्या गावचा केंतोंगान सांभाळतो, एवढंच मला त्याच्याबद्दल ठाऊक होतं. तुगिमान गेल्यावर त्यानं दोनदा लिहिलं होतं की दुसऱ्या संमतीला माणूस हवा असेल तर मी आहे. मी उत्तर दिलं नव्हतं. न पाहिलेला माणूस, फुकटची मदत, आणि एवढा उत्साह. म्हटलं, याचा काहीतरी हेतू असणार. आता त्यानं लिहिलं की चर्चेतलं प्रत्येक टिपण त्याला मेलनंही जात होतं आणि त्यानं एकही पुसलेलं नाही. तीनशे बारा टिपणं त्यानं एका गाठोड्यात बांधून पाठवली. खाली लिहिलं होतं, "यातला एक शब्द मला कळला नाही. पण हे गृहस्थ इतक्या नेमानं लिहायचे की पुसायला मन झालं नाही."

मी दुकान आतून बंद करून ती वाचली. जळलेलं टेंपे अकरा वेळा आलंय. हे त्याच्या बायकोला, बू पाइनेमला, सांगितलं तर ती उखडली, "जगभर सांगितलं का त्यानं? जाळलं मी दोनदाच, बाकीचे नऊ वेळा उशिरा आला म्हणून गार होतं." मग पदरानं डोळे पुसले आणि ते कागद मागून घेतले. नेस्टर यायच्या आधीच्या दीड वर्षाची टिपणं मात्र गेली ती गेलीच. त्यासाठी मागच्या रविवारी तिलाच घेऊन पात्रात उतरलो. ती तीस वर्षं त्याला दुपारचा डबा पोचवत होती. ती हनुवटीनं दाखवत गेली. इथे तो बसून जेवायचा. इथे उभ्यानं जेवायचा. आणि त्या खालच्या वळणावर ती थांबली. "इथे तो भाताची पुडी कधी उघडायचा नाही. म्हणायचा, इथे पाणी आवाज न करता येतं." ते वळण माझ्या नोंदीत निर्धोक म्हणून होतं. मी आठ वर्षं कोड लिहितोय आणि ही गोष्ट मला डबा पोचवणाऱ्या बाईनं सांगितली.

नऊ आकडे बदलले. आता टिपणं कोडच्या शेजारीच राहतात, एकाच गाठोड्यात, म्हणजे कोड जिथे जाईल तिथे तीही जातील. एक प्रत आल्बायला, एक ग्वातेमालात, एक माझ्या फळीवर, या वेळी विजेपासून बचावाची तार लावून. दुसरी संमती नेस्टरची. त्यानं पहिल्याच बदलात माझ्या तीन चुका काढल्या, नालायक माणूस आहे, मला आवडायला लागलाय. तुझ्या कंपनीनं फाटक उघडलं तर तिथेही एक प्रत ठेवू, चारांतली एक म्हणून. भोंगे ऑक्टोबरात वाजवून पाहणार. हे सगळं मुद्दाम आधी लिहिलं, कारण यापुढे जे लिहिणार आहे ते कुलूप उघडावं म्हणून लिहिलं, असं कुणी म्हणायला नको. यंदाच्या पावसात बोयोंग आम्हाला सांगून येईल, कुलूप असो वा नसो.

परवा तुझ्या आईनं तोंड उघडलं. महिनाभर पोटात ठेवलं होतं, मग भाजी निवडता निवडता रडायलाच लागली. तुला महिनाभर कामावर येऊ देत नाहीत. तुझ्या वरच्या बाईंनी विचारलं तेव्हा तू लेखी दिलंस, "माझे वडील सांगतात की हे आमच्यापैकी कुणी केलेलं नाही, आणि माझे वडील खोटं बोलत नाहीत." आता त्यांना कुणी घुसल्याची खूणच सापडत नाही. चौदाही वेळा एकाच फोनवरून, पाकेममधूनच बटण दाबलं गेलंय. म्हणून त्यांना वाटतं तू कुणाला तरी पाठीशी घालतेयस, आणि सहा ऑक्टोबरला तुला समोर बसवून विचारणार आहेत. आईला तू बजावलंस, "बापाकना सांगू नको, उगाच त्यांना आणखी चार संशय येतील." आले असते, पोरी. पण या वेळी मला संशय घ्यायला कुणी उरलंच नव्हतं.

तुगिमानचा फोन बू पाइनेमनं चाळिसाव्या दिवशी माझ्या हातात दिला होता, "तुमच्या कामाचं काही असेल त्यात" म्हणून. पासवर्ड मला ठाऊक होता, कारण मीच घालून दिला होता. पुढच्या पावसाळ्याआधी एक बदल जायला हवा होता आणि दुसरी संमती हवी होती. नेस्टर तयार होता. मला त्याचा भरवसा नव्हता. तुझा नव्हता, कारण तू त्या कंपनीची. इथल्या कुणाचा नव्हता, कारण त्यांना कळतं असं मला वाटत नव्हतं. आणि संमतीच्या जागेवरून तुगिमानचं नाव काढायचं तर हजाराव्या दिवसाआधी ते कोण काढणार? मी स्वतःला समजावलं, तो असता तर हो म्हणाला असता. पहिल्यांदा बटण दाबण्याआधी मी तो बदल तीनदा वाचला. चौदाव्यांदा मी दुसऱ्या हातात चहा धरला होता. तो असता तर त्यातल्या निदान चारांना नको म्हणाला असता, हे मला आता टिपणं वाचून कळतंय, आणि त्या चारांपैकी एक त्या खालच्या वळणाचा होता. दोन पावसाळे ते वळण माझ्या शब्दावर निर्धोक होतं. तिथे कुणी मेलं नाही, हे केवळ नशीब. कंपनीवर कोण लक्ष ठेवणार असं मी आठ वर्षं विचारत राहिलो, आणि माझ्यावर लक्ष ठेवण्यासाठी तू केलेला एकुलता एक नियम मेलेल्या मित्राच्या बोटानं मोडला. तुझ्या कंपनीचा संशय नावाबद्दल मूर्खपणाचा होता, पण माणसाबद्दल बरोबर होता. हे लिहिताना माझे दात आंबतायत, पण लिहिलंय.

म्हणून हे पत्र. तुला लिहिलंय, पण सहा तारखेला ते तुझ्या वरच्या बाईंसमोर ठेवायचंय. त्यांच्या भाषेत उतरवून दे आणि काही गाळू नकोस, त्यांच्या कंपनीला घातलेल्या शिव्यासुद्धा. तू लिहून दिलेलं ते वाक्य ज्या दिवशी लिहिलंस त्या दिवशी माझ्यामुळे खोटं होतं, उशिरा का होईना, ते मला खरं करायचंय. माझं खातं त्यांनी कायमचं बंद केलं तर करू देत, केंतोंगान आता माझ्यावाचून चालतो. मला क्षमा केलीस तर डिसेंबरात हजाराव्या दिवसाला ये, त्या संध्याकाळच्या हजेरीत सात क्रमांक शेवटचा पुकारायचाय, आणि तो मी पुकारावा की नाही हे मला एकट्याला ठरवायचं नाही. जबाबाच्या फॉर्मवर माझं नाव लिहायची वेळ आली तर वागिरान एकदाच लिही. दुसरा रकाना रिकामा ठेव, लाल अक्षरं आली तर येऊ देत. हे करताना माझ्यासोबत दुसरं कुणीच नव्हतं.

तुझाच,
बापाक